आबांची वेबली

नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी माझा पुतण्या रिसोडहून आला तो थेट माझ्या खोलीत. चहा नको, पाणी नको. हातातला कागद माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "मोठेबाबा, परवाना झाला!"

मला वाटले, बी-बियाण्याच्या दुकानाचा असेल. चष्मा लावून पाहतो तो रिव्हॉल्व्हरचा! पुतण्याचा अडतीचा धंदा आहे. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात त्याला रात्री-बेरात्री रोकड घेऊन फिरावे लागते. मागल्या वर्षी मालेगावच्या रस्त्यावर दोन मोटारसायकली बराच वेळ त्याच्या गाडीमागे राहिल्या होत्या. पुढे काही झाले नाही. पण तेव्हापासून त्याची झोप उडाली आणि त्याने अर्ज केला. चौकश्या झाल्या, जबाब झाले, आणि आता हा कागद हाती आला. राहता राहिला प्रश्न, घ्यायचे काय? ओळखीच्या एका घरंदाज कुटुंबातली जुनी विलायती वेबली विकायला निघाली होती, मागणी लाखांतली. दुसरीकडे कानपूरच्या सरकारी कारखान्याचे कोरे करकरीत रिव्हॉल्व्हर, त्या मानाने पुष्कळच स्वस्त.

"तुम्ही इतकी वर्षं इतिहास शिकवला. तुम्हीच सांगा," तो म्हणाला, आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच त्याने निकालही देऊन टाकला, "माझ्या मनात वेबलीच आहे. आबांकडे वेबली होती. घराण्यात दुसरं काही शोभायचं नाही."

आता खरे सांगायचे तर या हातांनी आयुष्यात टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही उडवलेले नाही. पण आबांची सहाबारी मी पाहिली होती. आमच्या लहानपणी खंडेनवमीला देवघरापुढे पाट मांडला जाई. त्यावर विळा, कुऱ्हाड, वखराची पास, वडिलांचा टाक, आणि या सगळ्यांच्या मधोमध लाल फडक्यावर आजोबांची, म्हणजे आबांची, सहाबारी. तिला झेंडूचे फूल वाहिले जाई. आम्हा पोरांना हातभर अंतरावरून पाहायची मुभा होती. बोट लावायची नव्हती. गावात तिला 'पाटलाची वेबली' म्हणत. वेबली हे कारखान्याचे नाव आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. तोवर भाला, बरची, तशी वेबली, अशी माझी समजूत होती.

इतिहासाच्या मास्तराला सल्ला विचारला की तो मूळ पुरुषापासून सुरू करतो. पुतण्याने तो धोका पत्करला होता, म्हणून मीही आढेवेढे घेतले नाहीत.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात काचेचा महाल उभारून जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टने आपली फिरत्या चक्राची पिस्तुले मांडली होती. एकदा भरावे आणि पाठोपाठ सहा बार काढावेत, ही गोष्टच त्या वेळी जादूची वाटे. त्याच प्रदर्शनात रॉबर्ट ॲडम्स या लंडनच्या बंदूककाराचेही रिव्हॉल्व्हर होते. कोल्टचा माल यंत्रावर निघालेला, एकाचा भाग दुसऱ्याला बसावा असा. त्यामुळे तो भराभर आणि कमी खर्चात होई. ॲडम्सच्या मालात हाताचे काम अधिक, म्हणून दामही अधिक. कोल्टला दर बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. ॲडम्सचा नुसता चाप दाबला की घोडा आपण होऊन उठे आणि पडे. कोल्टची गोळी बारीक, नेम मात्र सुरेख. ॲडम्सची गोळी जाड. झाले! इंग्रज अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या मेजांवर 'कोल्ट की ॲडम्स' हा वाद जो सुरू झाला तो कित्येक वर्षे पुरला.

हा वाद त्यांच्या खिशाशी बांधलेला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. शिपायाला बंदूक सरकार देई. अधिकाऱ्याने तलवार आणि पिस्तूल पदरच्या पैशाने घ्यावे अशी चाल होती. विशी-बाविशीतला पोरगा जहाजावर चढण्यापूर्वी दुकानात जाई आणि आज माझा पुतण्या विचारतो तोच प्रश्न दुकानदाराला विचारी. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्यात एक गोष्ट पुष्कळ वर्षे सांगितली जात असे. कोण्या एका अधिकाऱ्याला आपल्या कोल्टच्या नेमाचा मोठा अभिमान. समोरून तलवार उपसून आलेल्या धिप्पाड शिपायावर त्याने सगळे बार काढले. गोळ्या छातीवर जवळजवळ लागल्या, नेम चुकला नव्हता; पण शिपाई थांबला नाही. तो तसाच पुढे आला आणि त्याने साहेबाच्या डोक्याचे दोन तुकडे केले. साहेब लोक ही गोष्ट जाड गोळीची बाजू मांडण्यासाठी सांगत. मला मात्र ती नेहमी त्या शिपायाची वाटत आली आहे. त्याचे नाव काही कोणी सांगत नाही.

या साऱ्याचा आमच्या वाशीमशी संबंध काय, असे कोणी विचारील. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इंग्रजी कागदांतले बाशीम. इथून दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की हिंगोली. हिंगोलीला 'हैदराबाद काँटिंजंट' या फौजेची छावणी होती. फौज नावाला निजामाची, तिचे अधिकारी इंग्रज, आणि खर्च निजामाच्या माथी. तो खर्च फिटेना, बाकी तुंबत गेली, तेव्हा १८५३ च्या तहाने कंपनीने अख्खा वऱ्हाड प्रांत या फौजेच्या खर्चासाठी म्हणून आपल्या ताब्यात घेतला. पाच वर्षांनी हीच फौज सर ह्यू रोजच्या मोहिमेत बुंदेलखंडापर्यंत गेली. तेव्हा त्या छावणीतल्या एखाद्या साहेबाच्या कमरेला ॲडम्स लटकत असेल, तर त्यातले चार-दोन आणे रिसोड-वाशीमच्या ज्वारी-कापसाचे होते असे म्हणायला हरकत नाही. किंमत आम्ही मोजली. निवड त्यांनी केली.

पुढे १८७८ साली लॉर्ड लिटनने हत्यारांचा कायदा आणला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदाही त्याच वर्षीचा, त्याच लाटसाहेबाचा. आता बंदूक बाळगायची तर परवाना हवा; युरोपियनांना मात्र सूट. पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलेपर्यंत हा भेद टिकून होता. एखाद्या देशमुखाला, पाटलाला, मोठ्या सावकाराला मेहेरबानी म्हणून परवाना मिळे. बाकीच्यांनी काठीला फाळ बसवून शेत राखावे. म्हणजे महाग घ्यावे की स्वस्त, हा प्रश्न पडणे हीच आपल्याकडे कित्येक वर्षे एक प्रकारची श्रीमंती होती.

ज्यांना तो पडे, त्यांच्यापुढे आता नवे नाव आले होते. ते नाव वेबली. हा बर्मिंगहॅमचा कारखाना. १८८७ साली इंग्रज सैन्याने वेबलीचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले, आणि मग साहेबाच्या कमरेला वेबली असणे हे त्याच्या टोपीइतके ठरून गेले. पण त्याच्या आधी, १८७२ च्या सुमारास, वेबलीने खिशात मावेल असे आखूड नळीचे एक रिव्हॉल्व्हर काढले होते आणि त्याला 'बुलडॉग' असे नाव दिले होते. ते इतके खपले की साऱ्या जगाने त्याची नक्कल सुरू केली. या नकलांचे माहेरघर बेल्जममधले लीएज शहर. तिथे घरोघर नळ्या, चक्रे, घोडे घडत. कोणी नळीच करी, कोणी मूठच. मग व्यापारी ते जुळवी, वर निकेलचा झगझगीत मुलामा चढवी, आणि तो माल गलबतांतून देशोदेशी जाई. हिंदुस्थानच्या दुकानांतही तो येई. दिसायला वेबलीपेक्षा देखणा, किमतीला अर्ध्याहून कमी. आतली कमान कशी आहे, हे चाप ओढल्याशिवाय कळत नसे.

या बुलडॉगची एक विलक्षण गोष्ट आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडणारा गीटो उसन्या पैशाने रिव्हॉल्व्हर घ्यायला दुकानात गेला. दोन बुलडॉग समोर आले. एकाची मूठ लाकडी, दुसऱ्याची हस्तिदंती. हस्तिदंतीला एक डॉलर जास्त. असे सांगतात की पुढेमागे हे हत्यार संग्रहालयात ठेवले जाईल, तेव्हा ते शोभिवंत दिसावे म्हणून त्याचा जीव हस्तिदंती मुठीत अडकला! आणि तेच रिव्हॉल्व्हर पुढे कुठे गहाळ झाले याचा पत्ता नाही. बिचारे गारफील्ड अडीच महिने खितपत पडले. जखमेत न धुतलेली बोटे घालणाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या मरणाला गोळीपेक्षा जास्त हातभार लावला, असे आता वैद्यकाचे जाणकार म्हणतात.

पुतण्या इथपर्यंत शांत होता. मग म्हणाला, "आपल्याकडचं सांगा ना."

आपल्याकडचे सांगायचे तर ज्यांना परवाना नव्हता त्यांची निवड सांगितली पाहिजे. १९०९ साली लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली. चतुर्भुज अमीन याने ती पेटीच्या चोरकप्प्यात दडवून मुंबईला आणली. ब्राउनिंग म्हणजे त्या काळची अव्वल वस्तू. आणि गंमत अशी, की युरोपात ती होत असत हर्स्टालच्या कारखान्यात, म्हणजे त्याच लीएजच्या वेशीवर. एकाच गावच्या आसमंतातून जगातला सगळ्यात फसवा माल निघे आणि सगळ्यात खात्रीचाही! त्यांपैकीच एका ब्राउनिंगने २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. 'शारदा' नाटकाचा खेळ होता. जॅक्सनची बदली झाली होती, त्याला निरोप द्यायचा होता. जॅक्सन संस्कृत जाणणारा. लोक त्याला पंडित म्हणत. कान्हेरे चार महिन्यांत ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला, तेव्हा त्याचे वय अठरा होते. मी वर्गात हा धडा इतक्या वेळा शिकवला, पण ज्यांच्यापाशी दोन वेळच्या जेवणाची ददात, त्यांनी हत्यार मात्र सगळ्यात महागाचे का निवडले, हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नाही, आणि मलाही तो निवृत्तीपर्यंत सुचला नाही. उत्तर उघड आहे. परवानेवाल्याचे काडतूस फुसके निघाले तर तो दुकानदाराशी भांडेल. यांना भांडायला दुसरा दिवस नव्हता.

आणि तरीही शेवटी हिशेब कोणाच्या हाती असतो? २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. त्या वेळी प्रसिद्ध झाले ते असे, की गोळी खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली. हॉटसन वाचला. गोगटे शिक्षा भोगून सुटला आणि पुढे पुण्याचा महापौर झाला. एका बटणाने दोघांचे आयुष्य वाचवले म्हणायचे!

असो. पुतण्याला घाई होती, म्हणून मी त्याच्या प्रश्नाकडे वळलो.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारला सैन्यासाठी हलके रिव्हॉल्व्हर हवे होते. वेबलीने नमुना करून दिला. सरकारने तो न्याहाळला आणि एनफील्डच्या सरकारी कारखान्यात जवळजवळ तसलेच हत्यार आपले आपण करायला घेतले. १९३२ साली सैन्यात आले ते हे एनफील्ड. वेबलीने तक्रार केली, नमुन्याच्या खर्चापोटी २२५० पौंड मागितले. पुष्कळ वादावादीनंतर १२५० पौंड पदरात पडले. म्हणजे प्रत्यक्ष विलायत सरकारनेसुद्धा दुधाची तहान ताकावर भागवली होती. आणि आपल्या कानपूरचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर? तेही वेबलीच्याच चौथ्या नमुन्यावर बेतलेले. तीच मधून मोडणारी घडण, तेच चक्र. बोअर बत्तीसचे, कारण सैन्याच्या आणि पोलिसांच्या मापाची हत्यारे कायद्याने सामान्य माणसाला वर्ज्य आहेत. याच कानपुरातून २०१४ साली 'निर्भीक' या नावाचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर निघाले. बायकांना पर्समध्ये बाळगता यावे म्हणून. किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात! कोणत्या बाईच्या पर्समध्ये ते मावणार होते, हे सरकारच जाणे.

उलट बाजूने पाहिले तर बर्मिंगहॅमच्या वेबलीने १९७९ साली बंदुका करणेच सोडून दिले. आपल्याकडे खाजगी आयात १९८० नंतरच्या दशकात बंद झाली, म्हणून जो जुना विलायती माल देशात उरला आहे तोच या हातातून त्या हातात फिरतो आणि दर फेरीला त्याची किंमत चढते. त्यातही वेबलीचे नाव हवेच असेल तर २०२० पासून उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडीला गावी, त्या नावाचा कारखाना निघाला आहे.

"म्हणजे कानपूरचं ते वेबलीचंच नातवंड, अन् नवी वेबली उत्तर प्रदेशची!" पुतण्या हसला. "तरी आबांची होती तशी जुनी मिळत असेल तर—"

तेव्हा मी उठलो आणि पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली.

आबा १९६४ साली गेले. वडिलांना हत्याराचे वेड नव्हते. तेरावा झाल्यावर ते सहाबारी फडक्यात बांधून पोलीस ठाण्यात जमा करून आले आणि पावती शेताच्या कागदांत ठेवून विसरले. ती मला १९७८ च्या दिवाळीत सात-बारा शोधताना सापडली. कोण्या नेटक्या हवालदाराने झरझर लिहिलेली चार ओळींची पावती. ती मी पुतण्याच्या हाती दिली. तीत लिहिले आहे: रिव्हॉल्व्हर सहाबारी एक, बेल्जम बनावट, मुलामा उडालेला, काडतुसे अकरा चांगली, एक चाप ओढून न उडालेले.

त्या दिवाळीला आजी होती. मी पावती घेऊन ओसरीवर गेलो. ती वाती वळत बसली होती. मी विचारले, "आजी, आबांची वेबली होती ना?"

"वेबली कुठची रे बाप्पा!" ती वर न पाहता म्हणाली. "थे त गावाले सांगाची गोष्ट होती."

मग तिने जे सांगितले ते असे. १५ ऑगस्ट १९४७ ला पैनगंगेच्या उत्तर काठावर स्वातंत्र्य आले आणि दक्षिण काठावर आले नाही. आमचे गाव उत्तर काठावर. नाव मुद्दामच लिहीत नाही. पलीकडे निजामाचा अंमल, कासिम रझवीचे रझाकार, आणि त्यांच्याशी झुंजणारे आपले लोक. त्यांनाही हत्यारांचीच चणचण. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली ती हत्यारांना पैसा हवा म्हणूनच. पलीकडची माणसे रात्री नदी उतरून येत. डोक्यावर बोचकी, पाठीला पोरे. आमच्या वाड्याच्या गोठ्यात, देवळात, शाळेत अशी कुटुंबे राहत होती. गावाजवळ हत्यार म्हणून दोन ठासणीच्या बंदुका, भाले आणि गोफणी. अशात आबांना, गावचे पाटील म्हणून, अकोल्याच्या डेप्युटी कमिशनरांकडून सहाबारीचा परवाना मिळाला.

कापसाचे आलेले पैसे कशात बांधून आबा अकोल्याला गेले. बंदुकवाल्याने दोन नग पुढे ठेवले. एक वेबली, काळीशार, वजनदार. दुसरी बेल्जमची, चांदीसारखी चमकणारी. दाम तिसऱ्या हिश्शाने. दुकानदार म्हणाला, पाटील, ही जन्माची सोबतीण. ती नुसती मिरवायला. आबांनी दोन्ही हातांत दोन्ही धरून पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या, असे ते आजीला म्हणाले होते. मग त्यांनी बेल्जमची घेतली, डझनभर काडतुसे घेतली, आणि उरलेल्या पैशांच्या चार पेट्रोमॅक्स बत्त्या विकत घेऊन गावी आले. नदीच्या उतारावर रात्रभर उजेड असला म्हणजे अर्धे काम झाले, असा त्यांचा हिशेब. गावात त्यांनी सांगून टाकले की अस्सल विलायती वेबली आणली आहे. आठ दिवसांत ही बातमी पैनगंगेपार गेली. ती जावी अशीच त्यांची इच्छा होती. रोज दिवेलागणीला ते कमरेला पट्टा बांधत आणि बत्त्या घेऊन उतारावर जात.

वैशाखातली अमावास्या होती. नदीला गुडघाभर पाणी. परमिटाचे रॉकेल संपत आले होते, म्हणून एकच बत्ती पेटवली होती. वाऱ्याने तिचे मेंटल फाटले आणि अंधार झाला. कोतवाल दुसरे मेंटल आणायला गावात धावला. तेवढ्यात पलीकडची कुत्री भुंकू लागली आणि पाण्यात सावल्या दिसल्या. पाच-सहा असाव्यात, वाकून, एकामागे एक, न बोलता येत होत्या. आबांनी हाक दिली, कोण आहे? उत्तर नाही. पुन्हा हाक दिली. सावल्या जागीच थबकल्या आणि मग अधिकच भराभर येऊ लागल्या. आबांनी पुढच्या सावलीवर नेम धरला आणि चाप ओढला.

खट्.

रिव्हॉल्व्हरची सारी थोरवी पुढच्या क्षणात आहे. एक काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा. चक्र फिरते, दुसरे काडतूस घोड्याखाली हजर. ठासणीच्या बंदुकीला हे जमत नाही. कोल्टपासून शंभर वर्षे एवढ्याचसाठी तर खटपट चालली होती. दुसऱ्यांदा चाप ओढायला कितीसा वेळ लागतो? पापणी लवते तेवढा. तेवढ्यात पोर रडले.

पुढची सावली बाईची होती. कडेवर दोन वर्षांचे मूल, मागे सासरा, दीर आणि दोन मुली. काठावर कोण उभे आहे हे न कळल्यामुळे त्यांनी ओ दिली नव्हती. रझाकार इकडेही आले असतील, अशी त्यांना भीती वाटली.

आबा त्या सगळ्यांना वाड्यावर घेऊन आले. आजीला उठवले, भाकरी टाकायला सांगितल्या, आणि स्वतः ओसरीवर जाऊन बसले ते उजाडेपर्यंत. सकाळी त्यांनी चक्र रिकामे केले. बुडाला घोड्याचा ठसा उमटलेले ते एक काडतूस निराळे काढून आजीच्या हातात दिले आणि म्हणाले, हे कुंकवाच्या करंड्याजवळ ठेव. "मले काई बोल्ले नाईत," आजी म्हणाली. "म्या बी इचारलं नाई. मंग चार दिसानं सांगतलं." त्या दिवसापासून पट्टा रोज बांधला जाई, पण सहाबारी रिकामी. गाव निर्धास्त होते, नदीपलीकडे दरारा होता. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा हैदराबादेत शिरल्या, १७ ला सारे आटोपले. तोपर्यंतचे ते चार महिने आमचे गाव एका रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या पहाऱ्यात झोपले, आणि हे एकट्या आजीला ठाऊक होते.

ते कुटुंब दसऱ्यानंतर परत गेले. पुढल्या दिवाळीपासून त्यांच्याकडून हळदीचे गाठोडे येऊ लागले. त्यांच्याकडची हळद नामांकित. आरंभी ती बाई स्वतः घेऊन येई. पाटलांनी आम्हाला तारले, असे म्हणून ती आबांच्या पाया पडायला बघे. ती यायची असे कळले, की आबा सकाळीच शेतात निघून जात.

दोष काडतुसाचा होता की बेल्जमच्या कमानीचा, हे पावतीवरून ठरत नाही. जमा केलेले हत्यार पुढे कुठे गेले याचा माग मी काढला नाही.

पुतण्याने पावती दोनदा वाचली. "हळदवाले आजोबा?" त्याने विचारले. मी मान हलवली. कडेवरचे ते पोर आता ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. दर दिवाळीला पिशवी पाठवते आणि फोन करून पोचली का विचारते. पुतण्याने त्यांना लहानपणापासून पाहिले आहे. आपल्या पोराच्या जावळाला त्याने त्यांना पहिल्या पंगतीत बसवले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग परवान्याचा कागद उचलला, घडी घालून खिशात ठेवला, आणि न जेवताच निघाला.

दसऱ्याला तो बायको-पोरांसह आला होता. काय घेतले, हे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. संध्याकाळी त्याच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन मी पाटणी चौकात गेलो. फटाक्यांचे एक दुकान आधीच लागले होते. दुकानदाराने टिकल्यांची दोन पिस्तुले पुढे ठेवली. एक प्लॅस्टिकचे, रंगीत, दुसरे लोखंडी, काळे, चांगले जड. किमतीत तिप्पट फरक. पोराने दोन्ही हातांत दोन्ही धरली आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. मी लोखंडी घेऊन दिले.

घरी येताच त्याने अंगणात बापासमोर उभे राहून पहिला चाप ओढला. नुसतेच खट् झाले.

"आजोबा, फुसकी!" तो हिरमुसून ओरडला, आणि पुन्हा चाप ओढला. या वेळी मात्र असा दणदणीत बार झाला की तुळशीजवळचे मांजर उडून भिंतीवर गेले. पोर टाळ्या पिटू लागले. त्याच्या बापाने माझ्याकडे पाहिले आणि तो मुकाट्याने घरात निघून गेला.